राजाची उडी

"शह," महामाया म्हणाली. "अन् मात बी."

नांदेडच्या कोर्टात वेगळ्या झालेल्या आईबापांच्या लेकरांना भेटायची एक खोली आहे. तिथल्या छोट्या टेबलाशी प्रीतम गुडघे दुमडून लेकीसमोर बसला होता. तिची आई, रूपाली, दाराजवळच्या बाकावर. उदगीरहून आणलेल्या डब्याची पिशवी मांडीवर.

पैज लेकीनंच लावली होती. पप्पा जिंकले तर मे महिन्याची सुट्टी त्यांच्याकडं. कूलर आणून ठेवलाय, असं त्यानं आल्या आल्या दोनदा सांगितलं होतं.

प्रीतमनं पट न्याहाळला. राजा कोपऱ्यात अडकलेला. मग तो हसला.

"माझी उडी शिल्लक हाय की. राजाला एका डावात एकदा घोड्यासारखं उडता येतंय."

"रडी खेळायलात, पप्पा. शाळेतले सर म्हणतात, उडतो तो घोडाच."

"सरांचं सरांपाशी. आपल्या घरात उडी हाय. मी तुला तसंच शिकवलो होतो. आठवंना का?"

महामायानं मारलेली प्यादी एका ओळीत लावली.

"मग तुझ्या आईला विचार. लग्न झाल्यावर ह्याच उडीनं लई डाव जिंकली ती माझ्यावर."

महामायानं मान वळवली. "आई, असती का गं उडी?"

प्रीतम अजून हसतच होता. त्याचा हात राजावर होता.

रूपालीला मे महिन्यातली, लेकीविना उदगीरची आपली खोली दिसली. भर दुपार, वर फिरणारा पंखा, ओट्यावर एकच ताट.

"न्हाई," ती म्हणाली. "असलं काही नव्हतं."

हसू त्याच्या चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं राजा हळूच आडवा केला.

"बरं. हरलो."

लेकीच्या केसांवरून हात फिरवून तो उठला. बाकापाशी क्षणभर थांबला.

"डबा खाऊनच निघा. ऊन लई हाय."

तो गेल्यावर महामाया सोंगट्या डबीत भरू लागली. आडवा पडलेला राजा तिनं शेवटी उचलला. त्याच्या कोपऱ्यात पुन्हा उभा केला. मग तिथून, जराही न अडखळता, अडीच घरं उडवून नेमका ठेवला.

"इथं आला असता," ती पटाकडं बघतच म्हणाली. "मग पुढच्या चालीला मीच हरले असते."