पिवळे दाणे

दादाराव आता तोंडाला मुखवटा न लावताच मॅनहोलमध्ये उतरत. नऊ वर्षांत शहरातला एकही सफाई कामगार गुदमरून मेला नव्हता. डॉ. वसुधा टिळेकरांनी गटारांत सोडलेले जिवाणू तिथला विषारी वायू गिळत आणि त्यातलं गंधक पिवळ्या दाण्यांच्या रूपात पोटात साठवून ठेवत.

"मॅडम, हे बघा." वर आलेल्या दादारावांनी मूठ उघडली. आत काँक्रीटचा लगदा होता, भिजलेल्या खडूसारखा. "खाली गटाराचं छत नुसत्या बोटानं निघतंय. आणि त्याच्यावर दवाखाना उभा आहे. सूनबाईला सकाळीच तिथं बाळंतपणाला ठेवलंय."

लगद्यावर पिवळी झाक कुठेच नव्हती. वसुधाबाईंनी त्यावर लिटमसचा निळा कागद टेकवला. तो लालभडक झाला. वायू पुरेनासा झाल्यावर जिवाणूंनी साठवलेलं गंधकच खाल्लं होतं, आणि त्याचं आम्ल करून सोडलं होतं.

जिवाणू सोडण्याच्या परवानगीच्या अर्जात वर्गवारीच्या रकान्यात त्यांनीच लिहिलं होतं : गंधक साठवणारे, आम्ल न करणारे.

त्यांनी दवाखान्याला फोन लावला. तो लागत नव्हता.

"तुम्ही तर तपासले होते ना हे?" दादारावांनी विचारलं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "पण एक दिवससुद्धा उपाशी ठेवले नाहीत."