अर्धा आटा

ब्रेक पक्का बसला तर ओजस महिनाभर कुंदाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात फिरकायचा नाही. केबलचा नट अर्धा आटा ढिला राहिला तर पुढच्या शनिवारी हजर. कुंदाला शनिवारच हवा होता. त्याची सायकल दगडांवरून उड्या मारायची, उडीआधी मागचं चाक ब्रेकनं घट्ट धरावं लागे. कुंदा केबल ताणायची, ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कजवळ आणायची, शेवटचा नट मात्र हलक्या हातानं आवळायची.

“मिस्त्री, पुन्हा सरकली केबल! तुझ्या हाताला गुणच नाही.”

“मग दुसरं दुकान बघ की!”

“तिथं माझ्यावर एवढं कोण खेकसणार?”

या शनिवारी तो सायकलीशिवाय आला, बोटांची उघडमीट करत. “विकली गं. स्पर्धेत पहिल्याच दगडावरून घसरलो. ब्रेक दाबला, चाक थांबेचना. कोच सर म्हणाले, तुझ्या बोटांत आता जोर उरला नाही. असेलही.”

नटाचं खरं सांगितलं तर त्याला त्याची बोटं परत मिळणार होती, आणि त्याच्या मनातून कुंदा कायमची उतरणार होती. कुंदा पाना पुसत राहिली.

तो गेला. लबाडी तिची होती, भरपाई त्याच्या बोटांनी केली.