द्राक्षाचं पान

चौतीस सालची गोष्ट. नवरा गेल्यापासून ओझरची धोंडाबाई दर बुधवारी बाजार आटोपून नाशिकच्या प्रयोगशाळेत द्राक्षाचं एक पान तपासायला आणायची. तिथले इनायतभाई रोग्यांच्या गाठी मेणात बसवून त्यांचे पातळ काप काचेवर रंगवत. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली ते तिचं पानही बघत. पान कायम निरोगीच निघायचं, तरी बाई लवकर काही बाहेर यायची नाही.

"रोग पानाला नाही, बाईला आहे," बाहेरच्या बाकावर थांबलेली मंडळी हिशेब मांडत. "आणि औषध आत बसलंय!"

त्या बुधवारी इनायतभाई म्हणाले, "आक्का, उद्या जुन्या काचा धुऊन परत वापरायला काढणार आहेत. आता येऊन उपयोग नाही."

"मंग आज जरा जास्त बघू द्या, दादा."

ती निघाली तेव्हा इनायतभाईंनी दारापर्यंत येऊन पान परत तिच्या हातात ठेवलं. बाकावर हशा पिकला. "घ्या! आता भेटवस्तूही सुरू झाल्या!"


पानात एक काच गुंडाळलेली होती, आणि तिच्यावर धोंडाबाईच्या नवऱ्याच्या गळ्यातल्या गाठीचा काप होता. चितेवर न गेलेला तेवढाच.