बोर्डावरचं एक अक्षर

रंगाऱ्याने शिडी लावली, तसं गिरीशच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच! बर्मिंगहॅमच्या या जुन्या पबमध्ये सतराशे चौऱ्याण्णवपासूनच्या सगळ्या लँडलॉर्डांची, म्हणजे पब चालवणाऱ्यांची, नावं एका काळ्या बोर्डावर सोनेरी रंगात लिहिलेली होती. एकाखाली एक, तेवीस. चोविसावं आज लागणार होतं, आणि ते त्याच्या बायकोचं होतं.

चौदा वर्षं या बारमागे उभं राहून गिऱ्हाइकांचे बिअरचे ग्लास भरले कोणी? गिरीशने. तळघरात पिंपं उतरवली कोणी? गिरीशनेच. वरदा बँक सोडून आली ती परवा-परवा. लँडलॉर्डच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दोघांनी दिला आणि पबची मालक असलेल्या ब्रुअरीने निवडलं तिला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"व्ही. सबनीस," रंगारी खडूने माप घेत म्हणाला. "बरोबर?"

"व्ही. जी. सबनीस," खाली शिडी धरून उभा असलेला गिरीश म्हणाला.

"जी कशाचा?"

"माझा. गिरीशचा. आमच्यात बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावतात. हवं तर तिचा पासपोर्ट बघा."

बारमागे ग्लास पुसणारी वरदा खुदकन हसली. "अरे, लग्नात उखाण्यात घेतलं की तुझं नाव! आता भिंतीवरही घ्यायला लावतोस?"

"हस, हस. तुझं नाव लागतंय, तू हसणारच." गिरीशचा आवाज चढला. "जळतोय मी, वरदा. सरळ सांगतो. जन्मभर बिअर भरायची मी, आणि मान वर केली की नाव तुझं!"

वरदाचं हसू मावळलं. "जी घाला," ती रंगाऱ्याला इंग्रजीत म्हणाली आणि पुन्हा ग्लास पुसायला लागली.

जी झाला. गिरीश चार पावलं मागे सरकून बघत राहिला. बरं वाटलं, पण पोट काही भरलं नाही.

"चौदा वर्षांचं एक अक्षर," तो इंग्रजीत पुटपुटला.

"कुठलं रे? बघू."

खिडकीजवळ अर्धा पाइंट घेऊन बसलेली मॉरीन उठली. बोर्डावरचं तेविसावं नाव टी. हॉब्ज, ही त्याची विधवा. गुडघे सांभाळत ती बोर्डाखाली आली. ओला जी तिने डोळे बारीक करून पाहिला. मग त्याच्या वरचं नवऱ्याचं नाव वाचलं, त्याच्या वरचं वाचलं, अशी पार पहिल्या नावापर्यंत गेली.

"छान आलाय हं," ती म्हणाली. "टॉमला पिंप उघडता यायचं नाही. एकतीस वर्षं मीच उघडली."

आणि रिकामा ग्लास तिने गिरीशच्या हातात दिला.

"त्या बोर्डावर माझं अक्षर कुठलं, तेवढं शोधून ठेव. मी बसते तोवर."