दुमडून शिवलेला काठ

कागद गाडीच्या पुढच्या जाळीच्या वरच्या अर्ध्या भागाला चिकटला. खाली धरला तर घसरून जमिनीवर पडला.

म्हाताऱ्याने तो उचलून पुन्हा धरला. इंजिन चालू होतं, रेडिएटरमागचा पंखा भरात फिरत होता. आत हवा सगळीकडून सारखी ओढली जात असती, तर वर्तमानपत्राचं एवढंसं पान कुठेही चिकटलं असतं.

“मामा, पेपरात भविष्य बघताय का?” जावयाने विचारलं.

“तुमचंच बघतोय, जावईबापू. बंद करा इंजिन.”

जावयाने किल्ली फिरवली. गाडी त्याची होती. बाहेरून चारचौघींसारखी, आत मात्र मोठा टर्बो बसवून इंजिनाची ताकद दुप्पट केलेली. गर्दीच्या रस्त्यावर ती शहाण्यासारखी वागे. मोकळ्या रस्त्यावर दाबली की तापमानाचा काटा तांबड्यात जाई. रविवारी शर्यत होती. जावयाने मोठा रेडिएटर घालून पाहिला, पंखा बदलून पाहिला. तापायची ती तापलीच.

म्हाताऱ्याने सकाळपासून एकेकाला संशयातून मोकळं केलं होतं. पंप पाणी ढकलत होता. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकल्याबरोबर उघडला. पाण्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे गॅस्केट शाबूत होतं. आता राहिली होती हवा.

“समोरच्या दुकानातून कूलंटचा कॅन घेऊन या,” तो म्हणाला.

जावई रस्ता ओलांडून गेला. गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात म्हाताऱ्याची लेक गाड्यांची सीट कव्हरं शिवत बसली होती. मशीन एका लयीत चाललं होतं.

म्हाताऱ्याने पुढचा बंपर उतरवला. रेडिएटरच्या पुढ्यात टर्बोची हवा थंड करणारी दुसरी जाळी होती. तिचे बोल्ट ढिले करून त्याने दोन्ही जाळ्यांमधल्या फटीत बॅटरी मारली. फटीत काहीतरी काळं उभं होतं. चिखल असेल म्हणून त्याने बोट घातलं. बोटाला कापड लागलं.

ते त्याने वर ओढून घेतलं. काळं रेक्झिन, रेडिएटरचा खालचा अर्धा भाग झाकेल एवढं, मापात कापलेलं. वर अडकवायला तारेचे दोन हूक. चारही काठ दुमडून शिवले होते आणि कोपऱ्यांवर टाका उलटा फिरवून पक्का केला होता, म्हणजे धागा सुटून कुठे अडकायला नको. वैरी एवढं नेटकं काम करत नाही.

मशीन थांबलं होतं.

“काढू नका,” लेक म्हणाली. ती जागची उठली नव्हती.

“इंजिन जाईल गं.”

“तापलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो तो, बाबा. माझ्यासाठी नाही उचलत. इंजिनासाठी उचलतो.”

म्हाताऱ्याने रस्त्याकडे पाहिलं. जावई दुकानदाराशी हसत बोलत होता. म्हाताऱ्याने रेक्झिनवरची धूळ तळव्याने पुसली, हूक सरळ केले आणि ते पुन्हा फटीत सोडायला सुरुवात केली. अर्धं आत गेलं. लेकीने मशीन सुरू केलं.

“सापडलं काही?” जावई कॅन घेऊन आत आला.

“बघतोय.” म्हाताऱ्याचा हात फटीतच होता. “कचरा धरलाय बहुतेक. रविवारपर्यंत जरा बेताने घ्या. तापली तर थांबा.”

“आता थांबायचं कारणच नाही.” जावयाने कॅन खाली ठेवला. “तापली की हिचा कॉम्प्युटर ताकद तोडायचा ना, ते काल काढून टाकलं. काट्याचा दिवाही काढला. सारखा डोळ्यांत यायचा. आता तापू दे नाहीतर पेटू दे, ओढणार म्हणजे ओढणार.”

मशीन पुन्हा थांबलं.

“ते परत लावून घ्या,” म्हातारा म्हणाला. “पाण्याचा पाइप फुटला तर पाणी आपल्याच चाकाखाली येतं. त्या वेगात गाडी हातात राहत नाही.”

“म्हणून तर तुमच्याकडे आणली. तुम्ही थंड ठेवा मामा, चालवायचं माझ्याकडे लागलं.”

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. ती सुईकडे बघत होती.

त्याने जावयाकडे पाठ करून रेक्झिन पूर्ण बाहेर काढलं, पुसायच्या फडक्यांत गुंडाळलं आणि बाजूला सारलं. मग बोल्ट आवळले, बंपर चढवला. इंजिन सुरू करून कागद धरला. कागद खालीही चिकटला.

“काय होतं हो?” जावयाने विचारलं.

“कचरा.”

“काय हात आहेत तुमचे, मामा! बायको दिली ती दिली, वर इंजिनही दिलंत.” तो गाडीत बसला. “पुलाच्या वळणापर्यंत जाऊन येतो. चहा टाक गं!”

गाडी बाहेर पडली. लेक दारात येऊन उभी राहिली. म्हातारा तिच्या मागे थांबला. गाडी दिसेनाशी झाली, मग नुसता आवाज राहिला. दुसरा गिअर, तिसरा. रस्ता सरळ होता आणि त्याच्या टोकाला वळण होतं. वळणाच्या आधी आवाज उतरायला हवा.

चौथा.

“पाय उचलला?” तिने विचारलं.

म्हातारा अजून कान देऊन उभा होता.