बिनचष्म्याची तपासणी

सरकारी अधिकारी पलांडेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नचिकेतने बनवलेलं ॲप उघडलं. कामगारांच्या पेन्शनची कुठलीही नवी योजना मंजूर करण्याआधी त्या ती अशीच तपासत.

“पैसे भरायचं बटण दिसलं. काढायचं कुठाय?”

“खाली आहे, मॅडम. जरा बारीक आहे.”

“मुद्दाम?”

नचिकेतला त्याच्या कंपनीच्या साहेबांनीच तसं करायला सांगितलं होतं.

“कल्पना झकास आहे तुमची,” बाई म्हणाल्या, “पण पैसे काढणारा माणूस साठी उलटलेला असेल. त्याला बटण दिसू दे, लगेच सही करते.”

जिना उतरताना नचिकेत बाईंवर नुसता धुमसत होता. ऑफिसात येऊन त्याने कॉम्प्युटर उघडला, क्षणभर थांबला आणि स्वतःचा चष्मा काढून ठेवला.