दुखवट्याची टोपी

"चुलीत घाल ती टोपी, तात्याबा! चुलीत घाल म्हणते न्हवं!"

सोनाबाईचा आवाज गल्लीत गेला, तसं तिच्या पोरानं, धोंडीरामानं, उठून दार पुढं ओढलं. गल्लीच्या तोंडालाच लष्कराची चौकी. सोलापुरात मार्शल लॉ लागून आठवडा झाला होता. पांढरी टोपी दिसली की गोरा सार्जंट आधी टोपी उडवायचा, मग टोपीखालचा माणूस गाडीत कोंबायचा. पलीकडच्या चाळीतला चनबसप्पा परवा असाच उचलला. कुठं ठेवलाय, ते त्याच्या बायकोलाही कुणी सांगेना.

आणि सोनाबाईचा धाकटा भाऊ तात्याबा, अक्कलकोटाकडनं पायी चालत आलेला, मांडीवर पांढरीधोट कोरी टोपी घेऊन बसला होता.

"मला काय ठावं तुमच्या शेरातलं?" तात्याबा म्हणाला. "बाप गेल्यावर तेराव्याला मामानं पांढरी टोपी घालायची. आमच्या गावात काळी टोपी घेऊन कोन दुखाला जातंय व्हय?"

"मग ऱ्हाऊ दे त्याचं डोस्कं उघडं."

"आक्का, बोडक्यानं मारुतीच्या पाया पडला तर सुतक फिटंल का? उद्या तुज्या घरचं पाणी कोन पिईल?"

मारुती चौकीच्या पल्याड. पुजारी हल्ली भिऊन बाराच्या ठोक्याला देवळाला कुलूप घालायचा. दारातली सावली उंबऱ्याला येऊन टेकली होती.

धोंडीराम सकाळपासून हेच ऐकत होता. त्याचं गोटा केलेलं डोकं उकाड्यानं आणि रागानं तापलं होतं. तो ना कुठल्या सभेला गेला, ना मिरवणुकीला. गिरणी आणि घर. आता बापासाठी चार पावलं चालायचं, तर त्यालाही गोऱ्याचा हुकूम!

"आणा हिकडं," तो मामाला म्हणाला. "पांढरीच घालून जातो. बघू कोन अडवतंय."

सोनाबाई आडवी आली.

"तुजा बा हेच बोलून भायेर पडला. हेच! बघू कोन अडवतंय म्हनं. चौघांनी उचलून आनला. छातीत गोळी."

बाहेर बुटांचा आवाज आला आणि पुढं गेला.

मग सोनाबाई कोनाड्याकडं वळली. तेरा दिवस न शिवलेला करंडा तिनं खाली काढला.

"आक्का!" तात्याबा अर्धा उठला. "शिवू नगंस त्याला!"

"का? आता कुनाला लावू? तुला?"

तिनं परातीत पाणी घेतलं आणि करंडा त्यात उपडा केला. भावाच्या हातातली टोपी ओढून बुडवली, दाबली, पुन्हा बुडवली. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. टोपी कुठं गडद, कुठं फिकी. पण पांढरी म्हणायला जागा उरली नाही.

"घाल," ती भावाला म्हणाली. "मामानंच घालायची न्हवं? घाल की मग."

तात्याबानं टोपी भाच्याच्या डोक्यावर ठेवली. पिळायलाही वेळ नव्हता. धोंडीराम तसाच बाहेर पडला.

चौकीपुढनं तो मुद्दाम सावकाश निघाला. पळणारा माणूस शिपायाला आधी दिसतो. ऊन चटचट लागत होतं. घाम आला. घामाबरोबर टोपीचा रंग सुटला आणि एक लाल ओघळ कपाळावरनं नाकाकडं उतरला. दुसरा कानामागनं मानेवर.

"हॉल्ट!"

धोंडीराम थांबला. गोळीबारात जखमी झालेल्यांचा घरोघर शोध चालू होता, ते त्याला तेव्हा आठवलं. जखमी म्हणजे दंग्यात असणारच, असा सरळ हिशेब.

सार्जंटनं काठीच्या टोकानं टोपी उडवली. टोपी धुळीत पडली. लालभडक गोटा. त्यानं धोंडीरामाची मान धरून खाली वाकवली, बोटांनी टाळू चाचपली, कानामागं बघितलं. जखम कुठंच नाही. स्वतःची लाल बोटं बघून तो भडकला आणि शेजारच्या देशी शिपायाकडं बघून काहीतरी ओरडला.

शिपाई मिशाळ, पन्नाशीचा. बंदूक धोंडीरामाकडं धरूनच त्यानं विचारलं, "साहेब इचारतोय, रक्त कुनाचं?"

धोंडीरामाची मान अजून सार्जंटच्या मुठीत होती. एक हिसका दिला असता तर सुटली असती. मग बंदूक सुटली असती. त्याला ते कळत होतं, तरी दंड शिवशिवत होते.

"रक्त न्हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "आईचं कुंकू हाय."

शिपायानं त्याच्या गोट्याकडं बघितलं. मग धुळीतल्या टोपीकडं. त्याची बंदूक जराशी खाली आली.

"व्हॉट? व्हॉट डझ ही से?"

शिपायानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"कलर, सर," तो म्हणाला. "ओन्ली कलर."

सार्जंटनं मान सोडली. खिशातनं रुमाल काढून तो एकेक बोट पुसायला लागला. पुसलं तरी जाईना.

धोंडीरामानं वाकून टोपी उचलली, मांडीवर आपटून धूळ झाडली आणि डोक्यावर दाबून बसवली. शिपाई त्याच्याकडं बघत नव्हता.

"देवळाला कुलूप पडंल," धोंडीराम म्हणाला. "निघतो मी."